दुसऱ्या हाताची वाट पाहताना

घरासमोरच्या डांबरी ड्राइव्हवेला सीलकोटिंग, म्हणजे वरून पातळ संरक्षक थर, करून घेतल्याला आता दोन महिने झाले. काम अखेर चांगले झाले. पाणी पडले की वरच्या वर ओघळून जाते आणि पृष्ठभाग पुन्हा काळाभोर दिसतो. तरीही पहिला हात आणि दुसरा हात यांच्यामध्ये गेलेले एकोणीस दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. जे काम फार तर दोन दिवसांत आटोपते, त्यासाठी मला जवळजवळ तीन आठवडे गाडी रस्त्यावर उभी करावी लागली, आणि लेखी कागद जवळ असूनही ‘दोन हात’ या दोन शब्दांचा अर्थ काय, यावर वाद घालावा लागला. असे काम करून घेणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचा ड्राइव्हवे सात वर्षांचा आहे. डांबरी थरात वजनाने साधारण ९५ टक्के खडी आणि वाळू असते आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारे बिटुमेन जेमतेम ५ टक्के असते. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे हे बिटुमेन हळूहळू कडक आणि ठिसूळ होते, रंग राखाडी पडतो, वरची बारीक खडी सुटू लागते आणि मग भेगांमधून पाणी आत शिरते. सीलकोट हा त्यावरचा पातळ पापुद्रा असतो. ऊन, पाणी आणि गाडीतून गळणारे तेल तो स्वतःवर घेतो. त्याने ड्राइव्हवेला बळकटी मात्र येत नाही. मगरीच्या पाठीसारखे भेगांचे जाळे पडले असेल, तर खालचा पायाच खचलेला असतो आणि तिथे उकरून दुरुस्ती करण्याला पर्याय नसतो. आमच्याकडे सरळ जाणाऱ्या चार-पाच भेगा, काही केसासारख्या चिरा आणि गाडी उभी राहते तिथे तेलाचा एक जुना डाग एवढेच होते.

कंत्राटदार निवडणे, कोटेशन मागवणे आणि तारीख ठरवणे यात काही अडचण आली नाही. ९० चौरस मीटर क्षेत्र, भेगा भरणे, तेलाच्या डागावर प्रायमर, सीलरचे, म्हणजे सीलकोटच्या मालाचे, दोन हात आणि त्यासाठी ८० लिटर माल, असे सगळे कागदावर स्वच्छ लिहिलेले होते. माल कशापासून बनवलेला आहे, हे मी आधीच विचारून घेतले होते. सीलर मुख्यतः दोन प्रकारचे असतात, एक बिटुमेनचे आणि दुसरे कोल टारचे, म्हणजे दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराचे. कोल टारवर पेट्रोल आणि तेल यांचा परिणाम कमी होतो हे खरे, परंतु त्यात कर्करोगाशी संबंध असलेली रसायने फार मोठ्या प्रमाणात असतात आणि झिजलेल्या थराची धूळ चपलांबरोबर घरात येते. अमेरिकेतील ऑस्टिन शहराने २००६ पासूनच त्याच्या वापरावर बंदी घातली आणि २०११ मध्ये वॉशिंग्टन हे अशी बंदी घालणारे तिथले पहिले राज्य ठरले. घरात रांगणारे मूल असल्यामुळे मी बिटुमेनचाच आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

कामाच्या दिवशी मुकादम आणि दोन कामगार सकाळी आठ वाजता आले. त्यांनी कडेचे गवत कापले, भेगांमधली मुळे उपटली, तारेच्या ब्रशने माती खरवडली आणि मोठ्या ब्लोअरने सगळे उडवून लावले. सहा मिलिमीटरहून रुंद असलेल्या भेगा त्यांनी गरम रबरी मिश्रणाने भरल्या. हे मिश्रण साधारण १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यामुळे मुलांना आणि कुत्र्याला आतच ठेवावे. भरणाऱ्या माणसाचा हात इतका बसलेला होता, की मिश्रण भेगेच्या काठाशी बरोबर येऊन थांबत होते, वर उंचवटा राहत नव्हता. तेलाचा डाग आधी पत्र्याने खरवडला, मग साबणाच्या पाण्याने घासून धुतला आणि तो वाळल्यावर त्यावर प्रायमर लावला. ही पायरी कोणी गाळू पाहिले, तर काम तिथेच थांबवावे. बिटुमेन तेलात विरघळते आणि तेलकट जागेवर सीलर धरत नाही. काही महिन्यांत नेमक्या त्या जागेचे पोपडे निघतात.

त्यानंतर गॅरेजच्या काँक्रीटच्या उंबऱ्याला चिकटपट्टी लावून, कडा ब्रशने ओढून घेऊन त्यांनी फवारणी सुरू केली. ओला सीलर काळा नसून गडद तपकिरी दिसतो. त्यात पाणी असते आणि पाण्यात बिटुमेनचे अतिशय बारीक थेंब तरंगत असतात. पाणी उडून गेले की थेंब एकमेकांना चिकटतात, सलग थर तयार होतो आणि रंग काळा होतो. तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत दुसरा हात द्यायचा नसतो, हे मला ठाऊक होते. म्हणून सव्वाबारा वाजता त्यांनी पाइप गुंडाळायला घेतला, तेव्हा मला वाटले की ते जेवून परत येतील.

मी मुकादमाला विचारले, "दादा, दुसरा हात किती वाजता देणार?" ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "ताई, मला ऑफिसातून एकच हात सांगितला आहे. दुसऱ्याचं तुम्ही ऑफिसला विचारा." त्या माणसाविषयी माझी काहीही तक्रार नाही. किती माल लागला असे विचारल्यावर त्यांनी टाकीवरच्या खुणा पाहून चाळीस लिटरच्या आसपास, असे सरळ सांगितले. हा आकडा मी तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून ठेवला आणि पुढे सगळे त्यावरच निभावले.

ऑफिसमधून पहिल्या दिवशी उत्तर आले, की दुसरा हात उद्या सकाळी होईल, गाडी आत आणू नका. हे रास्तच होते, कारण पहिला हात ज्या दिवशी वाळतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुढचा हात दिला तर मध्ये धूळ बसत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. दुपारी फोन केल्यावर समजले, की माल संपला आहे, परवा येतो, गाडी आत आणू नका. परवाच्या दिवशी आकाश भरून आले होते आणि पाऊस पडण्याची शक्यता असताना त्यांनी यायला नकार दिला, त्यात त्यांचे काही चुकले नाही. वाळण्याआधी पाऊस पडला तर सीलर काळ्या ओघळांनी वाहून जातो, म्हणून पुढचे २४ तास कोरडे असल्याशिवाय काम करायचेच नसते. परंतु त्यानंतर सलग सहा दिवस लख्ख ऊन होते आणि त्या सहाही दिवसांत मला ‘उद्या’ हेच उत्तर मिळाले. कधी मशीन दुसरीकडे अडकले होते, कधी माणूस रजेवर होता. प्रत्येक वेळी शेवटी तेच वाक्य, गाडी आत आणू नका. रोज रात्री सामानाच्या पिशव्या रस्त्यापासून दारापर्यंत वाहून आणताना माझा संताप होत असे, आणि तो व्यक्त करायला समोर कोणीच नसे.

या दिवसांत त्या एकट्या हाताकडे मी जितके निरखून पाहिले, तितके आधी कशाकडेही पाहिले नसेल. दुरून ड्राइव्हवे काळा दिसत होता. उकिडवे बसून पाहिले की खडीच्या प्रत्येक दाण्याचे टोक राखाडीच दिसे आणि थरात सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे होती. पहिला हात असाच असतो, कारण सुकलेले डांबर त्यातला बराचसा भाग शोषून घेते. दुसरा हात ती छिद्रे बुजवतो आणि चाकांखाली झिजण्यासाठी थर उरतो. एकच जाड हात देऊन हे साधत नाही. जाड थर वरून वाळतो, खाली पाणी अडकून राहते आणि तो आतून मऊच राहतो. झाडाखालच्या सावलीत तर पातळ हातसुद्धा पूर्ण दिवसभर चिकट होता आणि एक पान त्यात रुतून बसले, ते काढल्यावर त्याच्या शिरांचा ठसा तिथे उमटला. तुमच्याकडे सावलीचा पट्टा असेल, तर किती तासांत वाळेल याचा अंदाज उन्हातल्या भागावरून बांधू नका.

बाराव्या दिवशी ऑफिसातल्या व्यक्तीने मला शांतपणे सांगितले, की दोन्ही हात पहिल्याच दिवशी झालेले आहेत. फवारणीचे नळकांडे एकदा जाताना आणि एकदा येताना फिरते, त्यांच्या हिशेबाने ते दोन हात. मी ते ऐकून काही वेळ बोलूच शकले नाही. बारा दिवस ज्यांनी मला उद्या येतो म्हणून सांगितले, तेच आता काम संपले आहे असे म्हणत होते. भिंतीला रंग देणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला हात वाळल्यावर जो दिला जातो त्यालाच दुसरा हात म्हणतात; ब्रश वर गेला आणि खाली आला म्हणून कोणी दोन हातांचे पैसे घेत नाही.

मग मी फोन करणे बंद केले आणि लेखी पत्र पाठवले. त्यात तीनच मुद्दे होते. फवारणी सुरू झाल्याचा फोटो १०.४० चा होता आणि पाइप गुंडाळल्याचा १२.१५ चा, सीलरला वाळायला उन्हातही कित्येक तास लागतात, त्यामुळे दीड तासात दोन हात होणे शक्यच नव्हते. एका हाताला एक लिटर माल दोन ते अडीच चौरस मीटरला पुरतो, म्हणजे ९० चौरस मीटरच्या एका हाताला ३६ ते ४५ लिटर लागतात. कोटेशनमध्ये ८० लिटर लिहिलेले होते आणि वापरलेला माल चाळीस लिटर होता. तिसरा मुद्दा त्यांच्याच ‘उद्या येतो’ अशा संदेशांचा होता, ते सगळे मी तारखांसह जोडले. उरलेली रक्कम दुसरा हात वाळल्यावरच मिळेल, हेही स्पष्ट लिहिले. पूर्ण रक्कम आधी दिलेली नव्हती म्हणूनच हे लिहिता आले. तुम्हीही देऊ नका.

चार दिवसांनी उत्तर आले, की दुसरा हात देऊ, मात्र मध्ये धूळ साचल्यामुळे पुन्हा साफसफाईचे वेगळे पैसे पडतील. साफसफाई लागणार यात शंका नव्हती, धुळीवर दिलेला हात धुळीलाच चिकटतो. पण ती धूळ ज्यांच्या उशिरामुळे बसली, त्यांनीच ती काढावी, एवढे एकच वाक्य मी उलट लिहून पाठवले. त्यावर त्यांनी वाद घातला नाही.

एकोणिसाव्या दिवशी तोच मुकादम आला आणि त्याला पाहून मला खरोखर हायसे वाटले. तोपर्यंत हवा गार होऊ लागली होती आणि माझी खरी काळजी तीच होती, कारण हवा आणि जमीन दोन्ही १० अंशांच्या वर नसतील, किंवा रात्री पारा त्याखाली जाणार असेल, तर ते बारीक थेंब नीट जुळत नाहीत आणि थर लवकर झिजतो. दव सुकेपर्यंत ते थांबले, पृष्ठभागावर तळवा ठेवून पाहिले, ब्लोअर फिरवला आणि या वेळी फवारणीऐवजी लांब दांड्याच्या रबरी वायपरने माल ओढला. टाकीतला माल ते सतत ढवळत होते, कारण पकड यावी म्हणून त्यात मिसळलेली वाळू तळाशी बसते आणि न ढवळता ओतले तर अर्धा ड्राइव्हवे गुळगुळीत आणि अर्धा खरखरीत होतो. मी उभी राहून शेवटपर्यंत पाहिले. तपकिरी रंग आधी उन्हातल्या कडेने काळा होत गेला आणि मग हळूहळू झाडाच्या बाजूला सरकला. गाडी मी पूर्ण ४८ तासांनी आत आणली.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ड्राइव्हवे नवा असेल तर सीलकोटिंगची घाई करू नये. डांबरातली हलकी तेले उडून जायला निदान काही महिने लागतात आणि पाणी ओतल्यावर त्यावर तेलाची रंगीत झाक दिसत असेल तर तो अजून तयार नाही. दरवर्षी हात देण्याचीही गरज नसते, दोन ते चार वर्षांनी पुरे होते, नाहीतर थरावर थर साचून तेच तडकू लागतात. दारावर येऊन जवळच्या कामातला माल उरला आहे, आजच स्वस्तात करून देतो, असे सांगणाऱ्या माणसाला आत घेऊ नये, त्या मालात किती पाणी मिसळले आहे हे कळायला काहीच मार्ग नसतो. बागेचे स्प्रिंकलर आपोआप सुरू होत असतील तर ते आदल्या रात्रीच बंद करावेत. आणि पहिले काही आठवडे गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवू नये. मी ते एकदाच विसरले आणि गॅरेजसमोर चाकाने घासलेला तो अर्धगोल अजून दिसतो.