आखडलेली बोटं आणि पेवाचं प्रकरण: सांगलीची रोजनिशी

सोमवार

चिकुनगुनियाचा ताप साधारण आठवड्याच्या आत उतरतो, पण बोटांची पेरं, मनगटं आणि घोटे यांतली कळ मागे राहते. कुणाची दोन-तीन आठवड्यांत जाते, कुणाची काही महिने हटत नाही. त्यात मार्गशीर्षातली थंडी पडली की सकाळी मूठ वळत नाही. हातानं कादंबरी लिहिणाऱ्याची यात मोठी पंचाईत होते, कारण डोकं आधी सुधारतं आणि हात नंतर. मधल्या काळात काय करायचं याची नीट आखणी केली नाही, तर एक तर कादंबरी हातची जाते, नाही तर सांधे.

सकाळचा पहिला तास लेखनाचा धरूच नये. आखडलेपण तेव्हाच सगळ्यांत जास्त असतं. सोसेल इतक्या कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे. मग बोटांची हालचाल या क्रमानं करायची: बोटं ताठ सरळ; वरची दोन पेरं तेवढी वाकवून आकडा; मग पूर्ण पण सैल मूठ; मग बोटं सरळच ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवायची. प्रत्येक स्थितीत तीन ते पाच सेकंद, असं पाच ते दहा वेळा. मूठ आवळायची नाही. सांधा सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल तर शेक नको, थंड पट्टी ठेवायची. आखडलेपणाला ऊब आणि सुजेला गारवा हा फरक पाळला नाही की बोटं दिवसभर ठणकतात.

पेनाचंही तसंच. बॉलपेनला दाब लागतो आणि तो सगळा अंगठ्याच्या मुळाशी जातो. जेलपेन किंवा शाईचं पेन कागदावर नुसतं टेकवलं तरी उमटतं. पेनाच्या पकडीवर स्पंजची नळी चढवावी किंवा सुती चिंधी गुंडाळून ते अंगठ्याएवढं जाड करावं. बारीक वस्तू धरायला बोटं जास्त वळावी लागतात, जाड वस्तूला कमी. कागद सपाट टेबलावर न ठेवता उतरत्या फळीवर ठेवला की मनगट मागे मुडपत नाही. वीस मिनिटं लिहायचं, दहा मिनिटं हात मोकळा. थांबायचं ते घड्याळ पाहून. कळ आल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी चुकवावा लागतो.

मंगळवार

औषधाचं थोडक्यात, कारण विचारणारे पुष्कळ. या विषाणूवर खास औषध नाही. ताप आणि दुखणं आटोक्यात ठेवायचं, पाणी भरपूर प्यायचं, विश्रांती घ्यायची. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा त्रास असेल, वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ते धरलं नाही की बेरीज चुकते. डेंगी नाही हे तपासणीतून कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांना हात लावू नये, कारण डेंगीत रक्तस्रावाचा धोका असतो आणि पहिल्या दिवसांत दोन्ही ताप सारखेच दिसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत. तीन महिने उलटूनही सांधे सुजत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. दुखणं अंगावर काढण्यात कसला पराक्रम?

हळदीच्या गावात हळद-दुधाचा सल्ला मिळणारच. प्यावं, हरकत काही नाही. त्याच्या भरवशावर औषध मात्र थांबवू नये.

ज्या डासामुळे हे होतं तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं जुनं टायर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात, तेव्हा भांडं नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णानं दिवसासुद्धा मच्छरदाणीत राहावं; नाही तर त्याला चावलेला डास ताप घरभर वाटतो.

बुधवार

हात चालत नाही तर फोनला सांगून लिहावं, हा सोपा उपाय वाटतो. अर्धा खरा आहे. आधी एक पथ्य: फोन हातात धरून अंगठ्यानं टाइप करणं या दुखण्यात सगळ्यांत वाईट, म्हणून फोन टेबलावर आडवा ठेवूनच बोलायचं.

आता कोणता मजकूर सांगायचा आणि कोणता नाही. पहिल्यांदा वाटतं, संवाद बोलायचेच असतात, ते सांगावेत आणि निवेदन हातानं लिहावं. व्यवहारात उलटं करावं लागतं. आपल्याकडच्या बोलीला हे यंत्र प्रमाणभाषेचा सदरा चढवतं. ‘न्हाई’ म्हटलं तर ‘नाही’ उमटतं, ‘बगितलं’चं ‘बघितलं’ होतं, ‘गेलतो’चं ‘गेलो होतो’. ‘कशापाय’ म्हटल्यावर काय उमटेल याचा नेम नाही. हमालाच्या तोंडचं वाक्य सरकारी पत्रकासारखं बाहेर पडतं, आणि वाईट म्हणजे ते शुद्ध असल्यामुळे दुरुस्तीच्या वेळी डोळ्याला खटकत नाही. असे संवाद मसुद्यात राहून जातात आणि पात्राचा आवाज जातो. म्हणून संवाद हातानंच, थोडे थोडे. सांगायचं ते निवेदन: वाट, हवा, बाजाराची धांदल, काळाच्या उड्या.

निवेदनातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘केलं’ आणि ‘केले’ हे यंत्र मनाला येईल तसं देतं. एका परिच्छेदात दोन्ही सापडतात. विरामचिन्हं बऱ्याचदा येतच नाहीत, आकडे कधी अक्षरी तर कधी अंकी. म्हणून एका वेळी दोन-तीन मिनिटांचाच तुकडा सांगायचा आणि त्याच दिवशी तो मोठ्यानं वाचत दुरुस्त करायचा. आठवड्यानंतर आपलंच वाक्य कुठं थांबलं होतं ते आठवत नाही. बोलताना वाक्यं लांबतात आणि ‘आणि मग’ फार येतं. ते निम्मे तरी काढले की निवेदन उभं राहतं.

गुरुवार

खंड पडल्यावर नवं पान लिहायला बसू नये. आधी मसुदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. १४ पॉइंटचा टाइप, दीड ओळीचं अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छापलेला. हातात पेन्सिल, पण काम एकच: जिथं वाचताना मन दुसरीकडं गेलं तिथं समासात टिंब. दुरुस्ती करायला लागलं की वाचणं थांबतं आणि पहिली तीन प्रकरणं पुन्हा पुन्हा घासली जातात. पुढची तशीच राहतात.

दुखण्यानंतर शब्द परत येतात, वाक्याची लय परत येते. सगळ्यांत उशिरा परत येतं ते कोणाला काय माहीत आहे याचं भान. मोठ्या कादंबरीत हा धागा एकदा सुटला की पात्रं आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींवर रागावू लागतात. त्यावर एक तक्ता उपयोगी पडतो: आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रांगेत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत त्या प्रकरणाच्या अखेरीला त्या माणसाला काय कळलेलं आहे ते चार शब्दांत. हे काम बोटांना झेपतं आणि थकल्या डोक्यालाही झेपतं. दुखण्यातून उठणाऱ्या लेखकासाठी माझ्या मते यासारखं दुसरं काम नाही. पानं मोजली तर या आठवड्यात शून्य भरतील. ती मोजूच नयेत.

शुक्रवार

वाचन. जाड पुस्तक हातात धरवत नाही, म्हणून पोथीसाठी असतो तो घडीचा लाकडी स्टँड टेबलावर ठेवायचा. पान उलटायला तळहाताची कड वापरायची, चिमूट नाही. मांडी घालून बसू नये, घोटे आणि गुडघे बोलतात. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जाणाऱ्यांनीही या वर्षी खुर्ची शोधून बसावं.

या तापानंतर लक्ष लवकर विझतं. सकाळी कामाचं वाचन अर्धा तास, दुपारी झोप, संध्याकाळी आवडीचं. कामाचं वाचन म्हणजे गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं, बाजारभाव. आवडीचं म्हणजे कविता किंवा पूर्वी वाचलेलं पुस्तक. नव्या कादंबरीची माणसं लक्षात ठेवण्यात शक्ती जाते आणि आपली माणसं पुसट होतात. टिपण घेताना प्रत्येक नोंदीखाली ‘हे कोण बोलेल’ एवढं लिहून ठेवावं. ज्या नोंदीला बोलणारा सापडत नाही ती कितीही चांगली असली तरी कादंबरीत घालू नये.

माझ्या कादंबरीतलं १९५५ चं प्रकरण लिहिताना या वाचनाचा उपयोग कसा होतो ते बघा. सांगली जिल्हा तेव्हा ‘दक्षिण सातारा’ होता. १९४९ मध्ये तो वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणजे पात्राच्या पत्रावर दक्षिण साताराच हवं. नव्या पैशांची नाणी १ एप्रिल १९५७ पासून, तोवर रुपया-आणे-पै. किलो आणि क्विंटल त्याहूनही नंतरचे, तेव्हा काट्यावर मण आणि शेर. वाचकाला हे सांगत बसायचं नाही. अडत्यानं नुसता आण्यात हिशेब सांगितला की पुरे.

शनिवार

पेवाचं प्रकरण. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती. इथली माती उभी खणली तरी ढासळत नाही, म्हणून ती तिथं होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रुंद, खोली दोन-तीन पुरुष. आत उसाच्या पाल्याचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. हवा आत जात नाही म्हणून कीड लागत नाही; माल वर्षानुवर्षं टिकतो आणि भाव चढेपर्यंत व्यापाऱ्याला थांबता येतं.

उघडताना जीव जाऊ शकतो. बंद पेवात पाला आणि उरलेला ओलावा मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि जड कर्बवायू तळाशी साचतो. तोंड मोकळं करून ते बराच वेळ तसंच सोडायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत बारीक झाली किंवा विझली तर कुणी उतरायचं नाही. विषारी हवेला वास नसतो, उतरणाऱ्याला आधी काही जाणवत नाही, आणि पहिला पडला की त्याला काढायला गेलेला दुसरा पडतो. प्रसंगाचा ताण आणखी वाढवायची गरज नाही. कंदील, दोरी, तोंडाशी ओणवी माणसं आणि ज्योतीवरची नजर, एवढं क्रमानं लिहिलं तरी पान जड होतं.

प्रकरणातलं भांडण मात्र मालावरून आहे. काढणी झाली की ओली हळद काहिलीत शिजवतात. शिजली की नाही ते काडीनं बघतात. काडी सहज आरपार गेली की उतरवायची. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ राहतं. मग दहा-पंधरा दिवस उन्हात. वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं. दबका आवाज आला तर आत ओल आहे. अशी ओलसर हळद पेवात गेली तर बुरशी धरते, आणि हे कळतं ते कित्येक महिन्यांनी, पेव उघडल्यावर. तेव्हा दोष कुणाचा? शेतकरी म्हणतो, मी खणखणीत घातली. हमाल म्हणतात, पाला ओला होता. व्यापारी म्हणतो, तोंड नीट लिंपलं नाही. वाचकाला खरं माहीत हवं, कारण मागच्या प्रकरणात त्यानं हळकुंड मोडतानाचा आवाज ऐकला आहे. पात्रांपैकी फक्त मुनिमाला माहीत हवं. तक्त्यातली ती एक चौकट नीट भरली की चौघांचं बोलणं आपोआप वेगवेगळं होतं.

रविवार

शेवटचा भाग २००५ च्या महापुराचा. त्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि हरिपूरची बरीच पेवं कायमची गेली. या भागाचं घड्याळ म्हणजे सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. १९२९ चा हा पूल. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. सांगलीच्या माणसाला पूर फुटांतच कळतो, आणि ‘पाणी कुठवर आलं?’ या एका प्रश्नावर त्या दिवसांतलं सगळं बोलणं चालतं. प्रत्येक उपप्रकरणाच्या आरंभी फूट टाकायचे, तारीख नाही.

पुराचा भाग जवळजवळ संवादाशिवायचा आहे, म्हणून तो फोनला सांगायचा, दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत. पेव उघडल्यावरचं भांडण हातानं, वीस-वीस मिनिटं, ऊन अंगणात आल्यावर. आधी भांडण. मुनिमाच्या तोंडी पहिलं वाक्य ठरलं आहे: ‘‘मालक, पाल्याचं नाव घिऊ नगासा.’’