डोळ्यांदेखत कुटलेली चटणी : आमच्या डंकाची वाटचाल

आमचा चटणीचा डंक, म्हणजे मिरची-मसाल्याचे तिखट यंत्राच्या मुसळांनी उखळात कुटून देणारी गिरणी, कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या मागे, शाहूपुरीच्या एका गल्लीत आहे. वडिलांनी तो १९८८ साली दोन मुसळांवर सुरू केला. माझ्या हाती आला तेव्हा मुसळे चार झाली होती, आणि पुढची वीसेक वर्षे एकामागून एक हंगाम बिनबोभाट पार पडले. मला लिहायचे आहे ते २०१९ च्या महापुरानंतरच्या दोन वर्षांविषयी, कारण त्या काळात हा डंक बंद पडता पडता वाचला आणि तो एका साध्या मोबाइलमुळे वाचला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि आमच्या डंकात छातीपर्यंत पाणी आले. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा चारही उखळे गाळाने काठोकाठ भरलेली होती, सागवानी चौकट फुगून मुसळे जागच्या जागी अडकली होती आणि पोत्यांतल्या धण्यांना मोड आले होते. मोटर रिवाइंड करून घेतली, पट्टे नवे घातले, चौकट सुताराकडून तासून घेतली. तिसऱ्या मुसळाचे लोखंडी कडे चिरले होते. नवे करायला पैसे नव्हते, म्हणून त्यावर वेल्डिंगचा जोड मारला. या जोडाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. या सगळ्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले.

त्याच दिवाळीत मी एक चूक केली. ऑनलाइन जाहिरात करून देणाऱ्या एका मंडळींना मी आठ हजार रुपये दिले. त्यांनी आमच्या नावाचे पान उघडले, परक्याच कुठल्या तरी मसाल्याची चकचकीत छायाचित्रे लावली आणि महिन्याभरात हजारभर लाइक दाखवले. त्या हजारांतला एकही माणूस मिरची घेऊन आमच्या दारात आला नाही. ज्यांचे गिऱ्हाईक पाच-सहा किलोमीटरच्या परिघातले आहे, त्यांनी लाइक विकत घेऊ नयेत. तेवढ्या पैशांत संकेश्वरी मिरची घेता आली असती, हे मला आजही सलते.

त्यानंतर पैसे उरले नसल्यामुळेच फुकटच्या मार्गांकडे वळलो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद स्वतःच्या हाताने केली. त्या वेळी पडताळणीचा आकडा पोस्टकार्डाने येत असे; ते कार्ड येईपर्यंत मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. व्हॉट्सॲप बिझनेस उतरवून घेतले आणि बिलबुकांच्या जुन्या स्थळप्रतींवरून गिऱ्हाइकांचे क्रमांक वहीत उतरवले. माझ्या पत्नीने ते एकेक करून मोबाइलमध्ये भरले. एकच संदेश एका वेळी अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसे बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. पुष्कळ दुकानदारांना हे ठाऊक नसते आणि ते रोज भिंतीशी बोलत राहतात. आम्ही बिल देताना गिऱ्हाइकाला समोरच क्रमांक जतन करायला सांगत असू.

फेब्रुवारी २०२० मध्ये धीर करून उरलेले सगळे पैसे मिरचीत घातले. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी गडहिंग्लजच्या बाजारातून संकेश्वरी, तिखटपणासाठी थोडी लवंगी. आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देश बंद झाला. आमचा धंदा होळीपासून वळवाच्या पावसापर्यंतचा. वर्षाची भाकरी त्या अडीच-तीन महिन्यांत मिळवायची असते. खाद्यपदार्थांचे काम म्हणून सकाळचे काही तास डंक चालवता आला, परंतु गिऱ्हाईकच यायचे बंद झाले.

चटणी करून घेणाऱ्या घरांना माहीत आहे की डंकावर नुसते सामान टाकून कोणी जात नाही. घरची बाई तोंडाला पदर लावून, ठसके सोसत, उखळासमोर उभी राहते. मिरची आपलीच आहे, मध्ये दुसऱ्याची मिसळली नाही, तळलेला कांदा-लसूण आणि भाजलेले खोबरे पूर्ण पडले, चाळणीवर उरलेला चाळ पुन्हा उखळात गेला, हे तिला डोळ्यांदेखत हवे असते. पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे वेगाने भरडणाऱ्या दळणयंत्रात, दळलेली चटणी तापते आणि तिचा रंग उतरतो, म्हणून लोक डंकावर येतात, हे खरेच; पण ते तितकेच या पाहण्यासाठीही येतात. टाळेबंदीने नेमके हे पाहणेच थांबवले होते.

वाट दाखवली ती राजारामपुरीतल्या बाईंनी. त्या चौथीत माझ्या वर्गशिक्षिका होत्या आणि वडिलांच्या पहिल्या हंगामापासून त्यांची चटणी आमच्याकडेच कुटली जाते. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "सामान पाठवते, पण मला दिसलं पाहिजे. तुझ्या त्या मोबाइलवर दाखव," असे त्या म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा स्टीलचा उभा डबा आला. त्याच्या झाकणाखालच्या काठावर यजमानांचे नाव आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची तारीख कोरलेली आहे. मी डबा उखळाशेजारी ठेवला आणि मिरची ओतण्यापासून शेवटच्या चाळणीपर्यंत, तुकड्यातुकड्याने, सगळे टिपून त्यांना पाठवले. अर्ध्या तासाने त्यांचा संदेश आला : "तीळ जरा कमी भाजलेस." त्यांचे बरोबर होते. पडद्यावर त्यांना तिळाचा रंग दिसला होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हेच सुरू केले. कागदावर नाव, वजन आणि तारीख लिहून तो उखळापाशी टेकवायचा आणि मगच मोटर चालू करायची. वेळ व्हॉट्सॲपवर आधी ठरवून द्यायची, म्हणजे दारात गर्दी नको. सकाळी साडेसातला स्टेटस ठेवायचे : आज कोणती मिरची उन्हात आहे, कोणाचा नंबर आहे, किती जागा शिल्लक आहेत. स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते, म्हणून ते रोज ठेवावे लागते. एक दिवस चुकले की दुसऱ्या दिवशी फोन कमी येतात, हे मी मोजून पाहिले आहे. कोणाला छायाचित्रे काढायची असतील तर एवढे सांगेन की लाल मिरची भर दुपारी किंवा रंग वाढवून टिपू नये. मोबाइल तो लाल आणखी भडक करतो आणि गिऱ्हाइकाला रंग घातल्याची शंका येते. सकाळचे उघड्या दारातले ऊन पुरते.

बाईंनी तो व्हिडिओ आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात टाकला. तिथून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कोल्हापूरकरांची विचारणा सुरू झाली, कारण त्या वर्षी त्यांना गावी येऊन चटणी नेता येणार नव्हती. मे महिन्यात दुहेरी पिशवीत बंद केलेली चटणी स्पीड पोस्टाने जाऊ लागली. पहिल्या काही पार्सलांत तेल झिरपून कागद लाल झाले, ती आम्ही स्वखर्चाने पुन्हा पाठवली. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा फेब्रुवारीत घेतलेल्या मिरचीचे एकच पोते उरले होते, आणि पतसंस्थेचा थकलेला हप्ता भरला गेला होता. जाहिरातीचा खर्च म्हणजे महिन्याचे मोबाइलचे रिचार्ज आणि कागदावर नाव लिहायची मार्कर पेने.

पुढच्या हंगामात, एप्रिल २०२१ मध्ये, बाईंचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला होता. "माझा डबा दुसऱ्याच्या दुकानात कसा गेला?" आमच्याच भागात नव्याने सुरू झालेल्या एका मसालेवाल्याची जाहिरात त्यांच्या भाचीकडे आली होती. मी ती मागवून पाहिली. उखळ आमचे होते, तिसऱ्या मुसळाच्या कड्यावरचा जोड आमचा होता, आणि कोपऱ्यात, नावाचा कागद कापून टाकल्यावरही, बाईंच्या डब्याचा कोरलेला काठ स्पष्ट दिसत होता. त्या गृहस्थांकडे डंक नाही, पल्व्हरायझर आहे. त्यांनी पैसे भरून तो व्हिडिओ जिल्हाभर दाखवला आणि "डंकावर कुटलेली" म्हणून दळलेली चटणी विकली. मी स्वतः जाऊन भेटलो. "इंटरनेटवर आलं की सगळ्यांचंच," असे उत्तर मिळाले. त्याच आठवड्यात गूगलवर आमच्या नावासमोर एकेका ताऱ्याचे चार शेरे पडले. ते चारही लोक आमच्या कोणत्याही बिलबुकात नाहीत. प्रत्येक शेऱ्याखाली मी एवढेच लिहिले की बिल क्रमांक कळवावा, चटणी बदलून देऊ. आजतागायत कोणी कळवलेला नाही. असे शेरे आले तर भांडू नये, बिल मागावे.

तक्रार कोणाकडे करायची, हे शोधण्यात एक महिना गेला, आणि तो महिना हंगामाचा होता. ते नुकसान मी विसरलेलो नाही. बाईंनी मात्र डबा मांडीवर घेऊन, चष्मा लावून, स्वतःचा एक मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यात त्यांनी कोरलेले नाव वाचून दाखवले, तारीख वाचून दाखवली आणि हा डबा कोणत्या गल्लीतल्या कोणत्या डंकावर तेहतीस वर्षे जातो आहे ते सांगितले. आम्ही तो दोन्ही ब्रॉडकास्ट याद्यांना पाठवला. समोरच्यांची जाहिरात चार दिवसांत उतरली.

तिसऱ्या मुसळाचे कडे २०२२ साली अखेर तुटले. नवे बसवले आहे, पण जुने टाकलेले नाही. नोंदवहीशेजारी खिळ्याला अडकवले आहे. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि डंकापर्यंत येऊ शकत नाहीत. त्यांचा डबा रिक्षाने येतो, आणि हंगामाचा पहिला व्हिडिओ त्यांनाच जातो. यंदा त्यांनी खोबरे जास्त भाजल्याचे कळवले आहे.