पाणी स्वच्छ, मग मासे का कापता?

तुम्ही विचारलंत म्हणून. दर वेळी प्रश्न तोच असतो: नदीच्या पाण्यात शिसं-कॅडमियम मर्यादेत असल्याचा अहवाल आहे, मग धातू तपासायला मासे कापत आणि तांदूळ दळत का बसता? संशयच घ्यायचाय का?

नाही. अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ‘पाण्यात विरघळलेला धातू’ म्हणजे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून खाली उतरलेला धातू. शिसं बहुतेक चिकट, बारीक गाळाला धरून बसतं, म्हणजे गाळणीच्या वरच राहतं. आणि नमुना गाळायच्या आधीच कुणी त्यात नायट्रिक आम्ल घातलं, तर गाळावरचा धातू सुटून पाण्यात येतो आणि आकडा उगाच फुगतो. तेव्हा पाण्याचा आकडा दोन्हीकडून फसवतो.

मासा तरी सरळ बोलतो का? तोही नाही. पारा मांसात साठतो, तोही बहुतांशी मिथाइल पारा या सेंद्रिय रूपात. कॅडमियम मांसात फारसा जात नाही. मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन त्याला यकृतात आणि मूत्रपिंडात धरून ठेवतं. शिसं हाडांत, कल्ल्यांत, खवल्यांत. म्हणजे नुसतं मांस तपासून ‘कॅडमियम नाही’ म्हणणं हे चुकीच्या खोलीत शोधून ‘घरात कुणी नाही’ म्हणण्यासारखं. यावर लोक म्हणतात, आम्ही मांसच खातो ना! बरोबर आहे. खाण्याच्या प्रश्नाला मांसाचाच आकडा लागतो. पण नदीत धातू आहे का हा प्रश्न वेगळा आहे, त्याला यकृत लागतं. आणि पूर्वी मीही यकृताचा आकडा दाखवून खाणाऱ्यांना घाबरवत होतो. ते चूक होतं.

खरी गोची यकृत काढताना होते. कार्पच्या जातीच्या माशाचं यकृत एका जागी गोळा नसतं. ते आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं, स्वादुपिंडाशी मिसळलेलं. यातले काही मासे तळाचा गाळ उकरून खातात, त्यामुळे त्यांचं आतडं चिखलाने भरलेलं. पातं जरा तिरकं गेलं की आतड्याला छेद जातो आणि तो चिखल यकृताच्या नमुन्यात उतरतो. मग शिसं एकदम चढतं आणि नदीवर भलताच आरोप होतो. हे पकडायचं कसं? त्याच नमुन्यात ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मोजायचं. हे दोन्ही मातीचे; यकृतात त्यांना फार काम नाही. शिशासोबत तेही चढले असतील तर तुम्ही यकृत नाही, गाळ मोजलाय. तो नमुना फेकायचा, कितीही मेहनतीचा असला तरी. पित्ताशय फुटलं तरी तेच. पातं स्टीलचं नको, त्यातून क्रोमियम-निकेल येतं, सिरॅमिकचं घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवा. पारा मोजायचा असेल तर भट्टीत वाळवू नका, थोडा उडून जातो, गोठवून वाळवा.

आणि आकडा ओल्या वजनावरचा की सुक्या, हे लिहायला विसरू नका. समजा, मांसात कॅडमियम सुक्या वजनावर किलोला ०.१८ मिलिग्रॅम आलं. युरोपात बहुतेक माशांच्या मांसासाठी मर्यादा ओल्या वजनावर ०.०५ आहे. मांसात ७८ टक्के पाणी धरलं तर ०.१८ गुणिले ०.२२, म्हणजे ०.०४. मासा मर्यादेत! ही ओळ न लिहिता बातमी झाली की मग सगळा गोंधळ.

भाताचंही तसंच. जपानच्या जिन्झू नदीकाठी खाणीतला कॅडमियम शेतात आला, तिथून भातात, आणि हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई आजार झाला. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा आजार मानला. पण एकाच पाण्यावर सगळे वाण सारखं शोषत नाहीत. भातातलं ओएसएचएमए३ हे जनुक कॅडमियम मुळाच्या पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतं. अंजना धान या वाणात ते निकामी आहे, म्हणून धातू वर दाण्याकडे जातो. उलट ओएसएनरॅम्प५ हे जनुक म्हणजे धातू मुळात आत घेणारं दार. कोशिहिकारी वाणात कार्बन आयनांच्या माऱ्याने ते बंद केल्यावर दाण्यातला कॅडमियम जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून म्हणतो, जुने वाण जपा, प्रत्येकाच्या मुळाची सवय वेगळी असते.

पण इथे मी जिंकलो असंही नाही. त्याच दारातून मँगनीजही येतं, ते कमी पडलं की पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग जास्त येतो. आणि लोंबी निसवायच्या आधी-नंतर तीन-तीन आठवडे शेतात पाणी उभं ठेवलं तर कॅडमियम घटतो, पण जमिनीतलं आर्सेनिक सुटून दाण्यात वाढतं. पाणी काढलं की उलट. कोणतं जास्त वाईट, हे त्या जमिनीत दोन्ही मोजल्याशिवाय मला सांगता येत नाही, आणि मोजल्यावरही दर वेळी येतंच असं नाही.