नारिंगीतून उतर आणि नारिंगीत बस

आई पहिल्यांदा लंडनला आली ती २०२३ च्या उन्हाळ्यात. मी वेम्बलीला राहते आणि तिची इंदूरच्या रामबागेतली जुनी मैत्रीण (मी मावशीच म्हणते) नेमकी तेव्हाच लेकीकडे आली होती, हॅम्पस्टेड हीथजवळ. दोघींना रोज भेटायचं होतं आणि मला रोज ऑफिस. मग एका रविवारी ट्यूबचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, तो छोटा घडीचा नकाशा टेबलावर पसरला आणि सांगायला बसले, की आई, वेम्बली सेंट्रलला नारिंगी लाइन पकडायची, विल्सडन जंक्शनला उतरायचं, वरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं आणि तिथून परत नारिंगी लाइन पकडायची. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, अगं नारिंगीतून उतरून नारिंगीतच बसायचं तर मग उतरायचं कशाला?

बरोबरच होतं तिचं. इंदूरहून आलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईला जे दिसतं तेच ती विचारणार ना. इथे ट्यूबच्या जोडीला ओव्हरग्राउंड नावाच्या गाड्या आहेत, २००७ मध्ये सुरू झालेल्या, मग हळूहळू वाढत वाढत त्याचे सहा वेगवेगळे मार्ग झाले, पण नकाशावर सगळे एकाच नारिंगी रंगात आणि एकाच नावाने. म्हणजे एक गाडी वॉटफर्डला जाते, दुसरी स्ट्रॅटफर्डला, तिसरी पार क्रॉयडनला, आणि कागदावर ती सगळी एकच लांबलचक नारिंगी दोरी, गाठी मारल्यासारखी. फोनवर कोणाला रस्ता सांगायचा तर नावच नाही लाइनला! कुठली नारिंगी, हे कसं सांगणार?

२०२४ मध्ये हे बदललं. फेब्रुवारीत सहा नावं जाहीर झाली आणि नोव्हेंबरपासून नवे रंग नकाशावर यायला लागले. लायनेस पिवळी, माइल्डमे निळी, विंडरश लाल, वीव्हर मरून, सफ्राजेट हिरवी, लिबर्टी करडी. एकूण खर्च ६३ लाख पौंड, आणि त्यावर इथे बरीच कुरकुर झाली की नावं बदलायला एवढे पैसे कशाला. मला ती कुरकुर पटत नाही. ज्याला शहर पाठ आहे त्याला नकाशा लागतच नाही, नकाशा लागतो तो नव्या माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, घाईत असलेल्या माणसाला, आणि या तिघांसाठी खर्च केला तर तो वाया कसा गेला?

२०२५ च्या उन्हाळ्यात आई परत आली, या वेळी बाबांना घेऊन, आणि मावशी पण इथेच होती. परत तेच टेबल, तोच प्रवास, फक्त नकाशा नवा. आई, पिवळी पकड, विल्सडनला उतर, निळीत बस. बस्स, इतकंच. आता पिवळी तर सर्कल लाइन पण आहे आणि निळी पिकॅडिली पण आहे, पण ओव्हरग्राउंडच्या लाइनी नकाशावर भरीव काढत नाहीत, दोन बारीक रेघा आणि मध्ये पांढरी फट. आईने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, म्हणजे दुहेरी काठाची पिवळी. तेव्हापासून आमच्या घरात तेच नाव, दुहेरी काठाची पिवळी आणि दुहेरी काठाची निळी. पहिल्या दिवशी हीथला पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमधून उठून बाहेर गेले, इतका आनंद झाला मला.

तिला नावं पण आवडली, मी एकेकाची गोष्ट सांगितली. लायनेस म्हणजे इंग्लंडची बायकांची फुटबॉल टीम, २०२२ चा युरो कप जिंकलेली, आणि ती लाइन वेम्बलीवरूनच जाते. सफ्राजेट म्हणजे मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या बायका. विंडरश हे जहाजाचं नाव, १९४८ मध्ये कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन आलेलं. आई म्हणाली, मग आपल्याकडे पण तर तसंच आहे. खरंच आहे, इंदूर मेट्रोची पहिली पाच स्टेशनं बघा, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई.

बाबांचं वेगळंच होतं. बाबांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो, तरुणपणी एका नोकरीच्या मेडिकलला हे कळलं होतं आणि ती नोकरी हुकली, त्यावर ते अजूनही फारसं बोलत नाहीत. त्यांच्यासमोर रंगीत नकाशा ठेवला तर ते नुसते मान हलवत राहिले. मग मी ब्लॅक अँड व्हाइट नकाशा काढून दिला, हो, तसा वेगळा मिळतो, त्यात प्रत्येक लाइनची नक्षी वेगळी, कुठे तुटक रेघ, कुठे ठिपके, कुठे आडव्या पट्ट्या. बाबा अर्धा तास तो घेऊन खिडकीत बसले होते आणि नंतर त्यांनीच मला सांगितलं की ग्रीन पार्कला तीन लाइनी मिळतात. नकाशा नुसत्या रंगाच्या भरवशावर सोडला की घरातला एक माणूस त्यातून बाहेर पडतो, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि आईच्या गुडघ्यांसाठी ती व्हीलचेअरची चिन्हं. निळ्या गोलातली असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत एकही पायरी नाही, पांढऱ्या गोलातली असेल तर प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी नाही पण डब्यात चढताना फट किंवा उंची असू शकते. एवढ्याशा गोलात केवढी माहिती!

या सगळ्याचं मूळ हॅरी बेक नावाच्या माणसात आहे. हा ट्यूबच्या सिग्नल ऑफिसात इलेक्ट्रिकच्या सर्किटची ड्रॉइंग करायचा. १९३१ मध्ये त्याने नकाशा काढला तो सर्किटसारखाच, सगळ्या लाइनी आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात तिरप्या, मधलं गजबजलेलं शहर मोठं केलं आणि बाहेरची उपनगरं जवळ ओढून घेतली. जमिनीवरचं काही ठेवलं नाही, फक्त थेम्स नदी. आधी त्याला नाही म्हटलं गेलं, मग १९३२ मध्ये पाचशे प्रती काढून बघितल्या, लोकांना आवडल्या, आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशातला नकाशा म्हणून छापला. त्याचं म्हणणं साधं होतं, जमिनीखाली असलेल्या माणसाला वर कुठला रस्ता वळतोय याच्याशी काय करायचंय, त्याला हवं की कुठे बसू, कुठे बदलू, कुठे उतरू. २००९ मध्ये नकाशावरून थेम्स काढून टाकली होती, तर एवढी ओरड झाली की परत आणावी लागली. मला हे फार पटतं, शहराची नदी गेली की माणसाला आपण नदीच्या कुठल्या बाजूला आहोत तेच कळत नाही.

अर्थात अशा नकाशात खोट पण आहेच. कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर ही स्टेशनं नकाशावर चांगली लांब वाटतात, प्रत्यक्षात अंतर पाव किलोमीटरच्या आसपास, चालत गेलात तर आधी पोचाल. न्यूयॉर्कने तर दोन्हीकडचे अनुभव घेतलेत, १९७२ मध्ये व्हिग्नेली नावाच्या डिझायनरचा सरळ रेघांचा नकाशा आणला, लोक वैतागले की सेंट्रल पार्क चौकोनी कसं, १९७९ मध्ये भूगोलाला धरून असलेला नकाशा आणला, आणि एप्रिल २०२५ मध्ये परत सरळ रेघांकडे आले.

आता आपल्या इंदूरचं. ३१ मे २०२५ ला आपली मेट्रो सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनं, साधारण सहा किलोमीटर. पाच स्टेशनांचा नकाशा कोणीही काढेल. पण ही यलो लाइन पूर्ण झाली की ३१ किलोमीटरच्या आसपास गोल फिरणार, विजयनगर, खजराणा, पलासिया, राजवाडा, बडा गणपती, एअरपोर्ट, परत सुरुवातीचं गांधीनगर. आणि गोल लाइनचा नकाशा भलता अवघड असतो, कारण शेवटचं स्टेशनच नसतं! सरळ लाइनवर गाडी कुठे चाललीय ते शेवटच्या स्टेशनावरून कळतं, गोलात कशावरून कळणार? बर्लिनमध्ये गोल लाइन आहे, तिथे घड्याळाच्या दिशेने फिरणारी ती एस ४१ आणि उलटी फिरणारी एस ४२, दोन वेगळे नंबर. आपल्याकडे नंबरापेक्षा राजवाड्याकडून आणि खजराण्याकडून असं लिहिलं तर रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळेल.

दुसरं म्हणजे नावांची अक्षरं. इंग्रजी नकाशात जागा वाचवायला स्टेशनाचं नाव तिरपं लिहितात, पण देवनागरीत शिरोरेघ तिरपी झाली की वेलांट्या आणि रफार एकमेकांवर चढतात, वाचताना मान वाकडी करावी लागते. देवनागरी आडवीच लिहा, ओळींमध्ये जागा सोडा, नकाशा थोडा मोठा झाला तरी चालेल. आणि गांधीनगरच्या स्टेशनाचं नाव देवी अहिल्याबाई होळकर टर्मिनल, त्याच्या खाली लहान अक्षरांत गांधीनगर असू द्या, कारण माणसं विचारताना गांधीनगरच विचारणार, आणि लांब नावाचा मान त्याने कमी होत नाही.

परवा आईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. देवासची आत्या येणार होती, तिच्या नव्या सुनेला घर माहीत नाही, म्हणून आईने लग्नपत्रिकेच्या मागे रस्ता काढून दिलाय. सरवटे बस स्टँडपासून सरळ रेघ, राजवाड्याला मोठा गोल, मग कृष्णपुऱ्याचा पूल, रामबाग, आमच्या गल्लीला बाण. एकही वळण नाही, सगळं पट्टीने मारलेलं, आणि मधून निळ्या पेनने खान नदी.