माईचा खांदा

माई म्हणजे आमच्या वर्गातली बाहुली. माणसाएवढी, सिलिकॉनची, आत लोखंडी सांगाडा, वजन 32 किलो. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांत मी बायकांना घरच्या रुग्णाची सेवा शिकवते: कूस कशी बदलायची, अंग कसं पुसायचं, पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं. सगळं आधी माईवर करायचं, मग माणसावर.

मार्चमध्ये माईचा उजवा खांदा ढिला झाला. हात वर ठेवला की धप्पकन खाली. बाहुलीचाच तर हात आहे, चालवून घ्या, असं दोघीतिघी म्हणाल्या. मला ते चालणार नव्हतं. पक्षाघाताच्या माणसाचा लुळा हात धरून ओढला तर खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. वॉर्डात मी असे खांदे पाहिलेत. म्हणून पहिल्या दिवसापासून सांगते, हाताला धरून उठवायचं नाही, मागून खवाट्याखाली, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, आधार द्यायचा. पण बाहुलीचा खांदाच ढिला असला तर ओढलं काय आणि उचललं काय, शिकणारीच्या हाताला फरकच कळत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. अख्खी बाहुली ट्रान्सपोर्टने पाठवा म्हणाले, कधी परत येईल ते सांगेनात. मग घरीच उघडायचं ठरवलं. शेजारी एक मामा राहतात, आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग जुळवणारे, दुरुस्त करणारे. त्यांना हाक मारली.

आधी खाली टर्किश टॉवेल अंथरला होता. सोलापुरात दुसरं काय अंथरणार! पण टॉवेलची लव सिलिकॉनला अशी चिकटली की पुसता पुसता नाकी नऊ आले. तो काढून जुनी धुतलेली सुती चादर घातली. काखेतली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली आणि 11 नंबरच्या सर्जिकल ब्लेडने, साच्याची शिवण असते त्याच रेषेवर, एका ओढीत काप घेतला. करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही, कडा फाटक्या येतात आणि पुढे नीट जुळत नाहीत. सिलिकॉनचा एक स्वभाव आहे. ताणलं तर खूप ताणतं, पण एकदा चीर पडली की ती पुढे पळते. म्हणून कापाच्या दोन्ही टोकांना आधीच बारीक गोल भोक पाडलं होतं.

आत अगदी साधं काम निघालं. लोखंडाच्या दोन पट्ट्या, मध्ये नायलॉनचा वायसर, आरपार 8 मिमीचा बोल्ट. हा सांधा नुसत्या घर्षणावर धरतो. आम्ही रोज त्याच बाजूने हात फिरवत होतो, त्याने नट हळूहळू सुटत गेला होता. वायसरही एका कडेने झिजून कागदासारखा झाला होता. मी सवयीने तेलाची बाटली पुढे केली, तर मामा ओरडलेच, "सिस्टर, तेल नको! इथं घसरायला नको, धरायला पाहिजे."

मागाचे सुटे भाग मिळतात त्या दुकानातून त्यांनी नवा वायसर आणि नायलॉनची रिंग असलेला नट आणला. तो नट थरथरीने किंवा फिरवण्याने सहसा सुटत नाही. 13 नंबरच्या पान्याने मी आवळला आणि जरा जास्तच आवळला. हात लाकडासारखा ताठ झाला. मामांनी पाना घेतला. "मागावरच्या उभ्या धाग्यांचं, ताण्याचं बघा. ताण जादा झाला की तार तुटते, कमी झाला की कापड ढिलं येतं." पाव आटा सोडायचा, हात आडवा धरून बघायचं, पुन्हा पाव आटा. हात आडवा असतानाच खांद्यावर सगळ्यात जास्त भार येतो, म्हणून परीक्षा तिथेच घ्यायची. शेवटी माईचा हात आडवा ठेवला तर जागेवर राहिला आणि दोन बोटांनी दाबला तर सावकाश खाली आला. हे एवढं जमायला पाऊण तास गेला, पण सगळी दुरुस्ती त्यातच आहे.

काप बुजवणं सोपं वाटलं होतं, तिथेच फसलो. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काही धरत नाही. झटपट चिकटणारा गोंद टरफलासारखा निघून आला. मग प्लॅटिनमवर जमणारं दोन बाटल्यांचं सिलिकॉन मागवलं, सारखं सारखं घेऊन कालवलं आणि नेहमीचे लॅटेक्सचे हातमोजे घालून भरलं. दोन दिवस झाले तरी ते चिकटच! लॅटेक्समध्ये गंधक असतं आणि गंधक लागलं की हे सिलिकॉन जमतच नाही. इतकी वर्षं ज्या मोज्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांनीच काम बिघडवलं, याचं फार वाईट वाटलं. सगळं खरवडून, अल्कोहोलने पुसून, नायट्राइलचे मोजे घालून पुन्हा भरलं. या वेळी पहाटे पाचला बसले, कारण एप्रिलच्या उन्हात मिश्रण हातातच घट्ट व्हायला लागतं. हात अंगालगत ठेवून कडा न ताणता जुळवल्या आणि एक पूर्ण दिवस तिला कोणी हात लावला नाही. वरून पावडरचा हलका हात फिरवला. जवळून बघितलं तर केसाएवढी रेघ दिसते.

एक गोष्ट तेव्हापासून पाळते. रात्री माईचे हात खालीच ठेवायचे. वर राहिले की काखेतलं सिलिकॉन रात्रभर ताणलेलं राहतं.

सोमवारी नवीन बॅच आली. विडी कारखान्यातून सुटून येणारी एक मुलगी आहे, तिच्या सासूला मागच्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आलाय. तिने माईला उठवताना आधी हातच धरला. खांदा अडला, तशी ती थांबली, हात सोडला आणि मागून खवाट्याखाली हात घातला. मी काहीच बोलले नव्हते.