आबांची १४ नाटकं, पाऊस आणि माझा लिनक्स

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

लाईट आत्ता आली. संध्याकाळपासून तीनदा गेली. आमच्या माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला त्या दिवसापासून पावसाने उसंतच दिलेली नाही, अंगणात पाणी, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशीचा वास यायला लागलाय.

पूर्वी लाईट गेली की माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर २००० साली आला आणि पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स टाकला, विंडोजसारखीच मशीन चालवणारी पण फुकट मिळणारी प्रणाली. तेव्हा एक्स्ट२ फाईलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) होती, लाईट अचानक गेली की पुढच्या वेळी मशीन सुरू करताना ते अख्खी डिस्क तपासत बसायचं, पडद्यावर टक्के हळूहळू सरकायचे, आणि ६० टक्क्यांवर असताना परत लाईट गेली की झालं, पहिल्यापासून. गोव्यातल्या पावसाळ्यात हे दिवसातून तीन-तीन वेळा. मग एक्स्ट३ आली, लिनक्सच्या गाभ्याच्या म्हणजे कर्नलच्या २.४.१५ आवृत्तीत, नोव्हेंबर २००१. तिच्यात जर्नल होतं. जर्नल म्हणजे काय ते मला लगेच कळलं कारण आमच्या घरचं किराणाचं दुकान, बाबा आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि मग सावकाश खतावणीत चढवायचे, मधेच गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं तर कीर्द बघून पुढे लिहायचं, सगळ्या वह्या उलटसुलट करायची गरज नाही. अगदी तेच. लाईट आली की मशीन आपली कीर्द वाचतं आणि काही सेकंदात उभं राहतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे कोणीतरी माझ्यासारख्यांचा विचार करून केलंय.

आज आबा येऊन गेले. शेजारचे, रिटायर्ड मास्तर, आमच्या वाड्यावरची नाटकं बसवणारे. दूधसागरच्या धबधब्यासारखा पाऊस पडत असताना छत्री घेऊन आले आणि प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत ११ फ्लॉपी आणि ४ सीडी. "गो बाय, ही माझी नाटकां. १४ आसत. फोंड्याच्या डीटीपीवाल्यान टाइप करून दिली होती, त्याचं दुकान कधीच बंद झालं. बघ काय मिळतं का."

१४ नाटकं. कागदावरच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, दोनच उरल्या.

शनिवार

दिवसभर हेच. शाळेला सुट्टी होती ते बरं झालं.

सीडी आधी घेतल्या. दोन सरळ वाचल्या, दोनांवर बुरशीचे पांढरे डाग. डीडीरेस्क्यू लावला, खराब डिस्कवरून डेटा वाचवणारा. हा प्रोग्राम मला फार आवडतो कारण तो शहाण्या माणसासारखा वागतो, आधी जे सहज मिळतंय ते सगळं उचलून घेतो, अडलेल्या जागा सोडतो, त्यांची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतो आणि मग शेवटी त्या जागांवर परत परत प्रयत्न करतो. मध्येच बंद पडला तरी त्या नोंदीवरून पुढे चालू. दुपारपर्यंत चारही सीडी आल्या. फ्लॉपींसाठी शाळेतल्या कपाटातून यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला होता, ११ पैकी ९ वाचल्या.

आत पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायली. इथे मी घाबरले होते. पण लिबरऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रामने उघडल्या, पानांची मांडणी थोडी विस्कटली पण मजकूर आला. काही लोक, बहुतेक स्वतःच्या वेळात, जुन्या बंद पडलेल्या फॉरमॅटच्या फायली उघडता याव्यात म्हणून लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येतील असे तयार तुकडे, लिहीत बसतात, २०१४ पासून डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाने हे काम चाललंय, त्यातलीच एक पेजमेकरची. ते लोक कुठले, मी कुठली, आबांचं नाटक कुठलं.

मजकूर आला म्हणजे काय आलं, तर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, प्रश्नचिन्हं यांची भेळ. कारण त्या काळातले मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, पाळत नव्हते. कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाईलमध्ये इंग्रजीच असायचं, फॉन्ट फक्त त्या जागी मराठी चित्र दाखवायचा. फॉन्ट हरवला की मराठीही हरवली. महाराष्ट्र आणि गोवा मिळून किती नाटकं, किती दिवाळी अंक, किती देवस्थानांच्या स्मरणिका आज अशा अवस्थेत कुठल्यातरी कपाटात पडून असतील, विचार केला की जीव तुटतो.

तर मग रूपांतराची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहायला घेतली, पायथन भाषेत. वरवर सोपं वाटतं, ह्या खुणेला हे अक्षर असा तक्ता करायचा. आबांकडच्या छापील प्रतीतलं पान समोर ठेवून तक्ता केला, तासाभरात. खरा घोळ त्यापुढे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात, युनिकोडमध्ये जशी उच्चारतो त्या क्रमाने. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी जुन्यात आधी येते आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलट. बरं एक अक्षर ओलांडून ढकलली की झालं असंही नाही, "स्थिती" मध्ये तिला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडायचे असतात, नाहीतर वेलांटी अर्ध्या स ला चिकटते. रफाराचं त्याच्या उलट, तो जुन्यात शेवटी येतो आणि युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी न्यावा लागतो, काना-मात्रा-वेलांटी सगळं ओलांडून. "मूर्ती" वर पहिल्यांदा अडकले. आणि "मार्मिक" सारख्या शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर, तिथे आधी वेलांटी जागेवर बसवायची आणि मगच रफार उचलायचा, क्रम चुकला की भलतंच काहीतरी होतं. तीन तास गेले, पण हे काम करताना मला आपल्या लिपीचं जे कौतुक वाटलं ते शाळेत व्याकरण शिकताना कधी वाटलं नव्हतं.

शेवटी राहिला आपला मराठी अर्धा र. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड. हिंदीत हा नाही, त्यामुळे नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच तयार कन्व्हर्टरमध्ये त्याचा विचारच नसतो आणि "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं. आबांच्या प्रत्येक नाटकात "दुसऱ्या अंकाचा पडदा" आहे. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य, असं लिहिलं की नीट येतो. फॉन्टही बघून घेतला, कारण काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, डॉक्युमेंटची भाषा मराठी केली की चांगल्या फॉन्टमध्ये आपले ल आणि श दिसतात. हे बारीक वाटेल, पण नाटक आपल्या अक्षरात दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आज मनात आली. लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली २५ ऑगस्ट १९९१ ला, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती पण १९९१ चीच, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. म्हणजे आबांची नाटकं टाइप झाली १९९८ ते २००४ मध्ये, तेव्हा नीट रस्ता कागदावर तरी तयार होता. डीटीपीवाल्याचा दोष नाही, त्याला काम लगेच उरकायचं असायचं, प्रेसला तेच चालायचं, आणि युनिकोड मराठी तेव्हा पडद्यावर नीट उमटायची मारामार होती. पण म्हणूनच मी शाळेत मुलांना सगळ्यात आधी हेच सांगते की कुठला प्रोग्राम वापरता ते मागाहून, आधी फाईल कशात सेव्ह करता ते बघा, ती उद्या दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडेल का ते बघा. माझ्या २००१ पासूनच्या रोजनिशी साध्या टेक्स्ट फायली आहेत, आजही ग्रेप या शोधायच्या कमांडने एका सेकंदात शोधता येतात.

बाकी कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) चांगलं, पडद्याची मांडणी ग्नोमची की केडीईची, यावर मी आता बोलत नाही. मी डेबियन या डिस्ट्रोची स्टेबल म्हणजे स्थिर आवृत्ती वापरते, त्यावर एक्सएफसीईची मांडणी, आणि वर्षानुवर्षं मेनू तिथेच, बटणं तिथेच राहतात याचं मला समाधान आहे.

रविवार, रात्र

सकाळी आबा आले ते मुलाचा जुना लॅपटॉप घेऊनच. दुकानात दाखवला होता, टाकून द्या म्हणाले म्हणे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफतचा सपोर्ट संपल्यापासून शेजारपाजारचे असे लॅपटॉप माझ्याकडे येतातच. ४ जीबी रॅम, हार्डडिस्क रडत होती. सगळी जादू लिनक्सची असं मी म्हणणार नाही, हार्डडिस्क काढून एसएसडी घातली यानेच निम्मं काम झालं. उरलेलं डेबियनने. मशीन चांगलं आहे, दहा वर्षांचं, अजून पाच सहज चालेल. माझं स्वतःचं जुनं ३२ बिटचं मशीन मात्र आता निवृत्त आहे, डेबियन १३ मध्ये त्याच्यासाठी इन्स्टॉलर नाही, वाईट वाटलं, पण जी माणसं बिनपगारी हे सांभाळतात त्यांनी किती जुनं ओढत न्यायचं यालाही मर्यादा असणारच.

आबांसाठी मेनू मराठी केला. "जतन करा" वाचून ते खूश झाले, म्हणाले, हा आपला शब्द, लोणचं जतन करतो तसं. मी स्वतः एका छोट्या प्रोग्रामचं मराठी भाषांतर बघते त्यामुळे माझं याबाबतीत ठाम मत आहे. "जतन करा" ठेवा, "शोधा" ठेवा, "छापा" ठेवा, पण "धारिका" नको. माशेलच्या बाजारात मासेवालीपासून मास्तरांपर्यंत सगळे फाईलच म्हणतात. जो शब्द वाचून माणूस थांबतो आणि मग मेनू परत इंग्रजी करून टाकतो, त्या शब्दाने मराठीचं काही भलं केलेलं नाही.

टाइपिंगचं विचारलं तर म्हणाले, मला टाइपरायटरच येतो. शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं मराठी टाइपरायटर होता ना. इनपुटच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक यांच्याबरोबर टाइपरायटरचा लेआउटही होता, तो लावून दिला. आबांनी चष्मा पुसला, बोटं ठेवली, पहिली ओळ चाचपडत, आणि दुसऱ्या ओळीपासून सटासट. मी बघतच राहिले. २० वर्षांपूर्वी सुटलेली सवय बोटांत तशीच होती.

मग चहा घेताना त्यांनी विचारलं, "हे सगळं फुकट. मग ह्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा गो? फुकट देणाऱ्याचा काहीतरी डाव असतो." मास्तरांचा प्रश्न, टाळून चालत नाही. मी त्यांना एक्सझेडची गोष्ट सांगितली.

एक्सझेड हे फायली आवळून लहान करायचं एक साधं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एकच माणूस सांभाळत होता. जिया तान असं नाव लावून कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली, दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायची. ती सापडली कशी, तर आन्द्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर, त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने (दूरच्या मशीनवर काम करायचं साधन) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. त्याने दुर्लक्ष केलं नाही, खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना सांगितलं. डेबियन स्टेबलपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

"म्हणजे डाव होता," आबा म्हणाले.

होता. मी ते नाकारलं नाही. उघडं आहे, म्हणजे प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते कोणालाही वाचता येतं, म्हणून आपोआप सुरक्षित, असं काही नसतं, कोणीतरी बघावं लागतं, आणि एकट्या माणसावर सगळा भार टाकून बाकीचे निवांत झोपले तर असं होणारच. पण आत काय आहे ते त्याला उघडून बघता आलं म्हणून तो मुळापर्यंत पोचला. झाकण बंद असतं तर अर्धा सेकंद मंद आहे यापलीकडे त्याला फारसं काही कळलं नसतं. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, प्रॉम्प्टरसारखं आहे, दिसत नाही, पण तो झोपला की नाटक पडलं. याहून नीट मला सांगता आलं नसतं.

लिनक्सवर होत नाही ते पण लिहून ठेवते. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचं छोटं यंत्र, अजून माझ्याकडे नीट चालत नाही. एका सरकारी पोर्टलसाठी लागतो, त्यांनी दिलेला ड्रायव्हर विंडोजचाच, तेवढ्यासाठी भावाच्या मशीनवर जावं लागतं. ज्या कामासाठी नागरिकाकडे दुसरा इलाज नाही ते काम कुठल्याही मशीनवर व्हायला पाहिजे, हा माझा हट्ट आहे आणि मी दर वर्षी तशी लेखी तक्रार करते.

१२ नाटकं झाली. सगळ्या फायली युनिकोडमध्ये, एक प्रत ओडीटी, एक साधं टेक्स्ट, एक पीडीएफ, आणि आरसिंक या फायलींची नक्कल करणाऱ्या साधनाने बहिणीच्या घरी फोंड्याला ठेवलेल्या डिस्कवर. आबांनी पहिल्याच नाटकाचा दुसरा अंक उघडला, वाचता वाचता थांबले, म्हणाले, इथे चार वाक्यं गाळली होती, पात्र मिळालं नव्हतं म्हणून, ती मला अजून पाठ आहेत. आणि टाइप करायला बसले. जेवायची वेळ झाली तरी उठेनात, शेवटी काकूंचा फोन आला.

उरलेली दोन नाटकं त्या न वाचलेल्या दोन फ्लॉपींवर आहेत. एक आज परत लावली आहे, डीडीरेस्क्यू दोन तास झाले चालतोय, ९१ टक्के आलं. बाहेर वीज कडकडतेय, लाईट बहुतेक जाणार. गेली तर जाऊ दे, मॅप फाईल डिस्कवर आहे, उद्या शाळेतून आल्यावर तिथूनच पुढे.