आयत्या वेळचा विषय
आज आमच्या जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समितीची सभा होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर आहेतच! प्रत्यक्षात आम्ही चौघी. बाकीच्यांच्या सह्या म्हणे घरी जाऊन घेणार.

अर्धा तास झेंडावंदनाला पाहुणे कोण यातच गेला. तिसरीच्या वर्गाचं गळकं छप्पर आलं ते थेट 'आयत्या वेळचे विषय' मध्ये. सर म्हणाले, "प्रस्ताव पाठवलाय." गेल्या वर्षीही पाठवलाच होता की!

तेवढ्यात नातवाला न्यायला आलेल्या एक आजी दारातूनच म्हणाल्या, "आन् तवर पोरं बसवायची कुठं?"

इतिवृत्तात हा प्रश्न नव्हता. वही मागून घेतली, लिहिला आणि मगच खाली सही केली.